मोठ्या मापाचं मेणकापड

५ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार,

पत्र बघून दचकू नका. इथे सगळं ठीक आहे. तुमची लेक वेळेवर उठते, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, आणि मीही. फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. जुलैत माझ्या मुलाच्या अपघाताची बातमी त्या फोनवर आली, तेव्हापासून मी तो उचलत नाही. वाजला की ती उचलते आणि मी तेवढ्या वेळात गॅलरीत जाऊन उभी राहते. त्यात दुःख वगैरे काही नाही. हात जात नाही, एवढंच.

काम असं आहे. पाव गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा रोल असतो ना, तो आमच्याकडे संपला. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून परतताना तो नेहमी मुलगाच घेऊन यायचा. चार महिने आम्ही दोघी पुरवून पुरवून वापरत होतो. एकदा वापरलेला तुकडा पुसून परत वापरायचो. परवा नुसती पुठ्ठ्याची नळी उरली. दुकान आमच्या जिन्याखालीच आहे. ती गेली नाही, मीही गेले नाही. पाव वाळून दगड झाला आणि आम्ही तो चहात बुडवून खाल्ला.

मग मला मेणकापड आठवलं. मी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत तीस वर्षं चादरी मोजण्यात घालवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथली जुनी माणसं सांगायची की पूर्वी सगळं मेण लावलेल्या कापडात गुंडाळायचे, धुवायचे आणि परत वापरायचे. माझ्याकडे जुन्या सुती चादरी पुष्कळ आहेत. तुमच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत. अर्धा किलो मेण मिळेल का? आणि ते कापडाला लावतात कसं, हे कोणाला माहीत असेल तर तेही लिहा.

तुमची विहीण

१४ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

लग्नात तुम्ही माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आता तीन वर्षांनी मागितलंत ते मेण. तुमच्या व्याह्यांना सांगितलं तर त्यांनी पत्र वाचून चष्मा काढला, पुसला आणि पेट्यांकडे निघून गेले. संध्याकाळी सगळ्यात स्वच्छ मेण दोनदा गाळून वडी करून माझ्यापुढे ठेवली. त्यांचं बोलणं म्हणजे असं. अर्धा नाही, एक किलो पाठवतेय.

आमच्याकडून मेण नेणारी एक बाई हेच करून बाजारात विकते. तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, नुसतं मेण लावाल तर कापड सुकल्या पानासारखं तडकेल आणि पावावर भुगा पडेल. त्यात राळ घालायची, म्हणजे ते चिकटतं आणि वाटीच्या तोंडाला धरून बसतं. शंभर ग्रॅम मेणाला चाळीस ग्रॅम राळ आणि दोन चमचे तेल. उकळत्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचं, थेट आचेवर नाही. मग ब्रशने कापडावर पसरायचं, वर-खाली बेकिंगचा कागद ठेवून इस्त्री फिरवायची आणि गरम असतानाच उचलून हवेत धरायचं. दोन मिनिटांत सुकतं. धुवायचं गार पाण्याने. गरम पाणी लागलं की मेण मोरीत. राळेची पुडी सोबत आहे.

तुमच्या सुनेला, आमच्या बारकीला, कामाला लावा. दातांच्या लॅबमध्ये सहा वर्षं मेणाचे दात कोरलेत तिने, मेण तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जुलैपासून ती तिकडे फिरकली नाही, पण हात विसरत नसतात. फोनवर माझ्याशी ती हो, नाही आणि बरं या तीनच शब्दांत बोलते. लहानपणी तोंडाला विश्रांती नव्हती हो तिच्या. तुमच्याशी तरी बोलते का?

तुमची पेट्यांवरची विहीण

२ डिसेंबर

विहीणबाई, नमस्कार.

मेण आणि राळ पोचली. व्याह्यांना माझा नमस्कार सांगा. मेण इतकं स्वच्छ आहे की आधी दोन दिवस आम्ही ते नुसतं टेबलावर ठेवलं.

आता दर रविवारी दुपारी मेणकापडं करतो. पहिल्या वेळी राळ कमी पडली आणि कापड खरंच तडकलं. दुसऱ्या वेळी जास्त झाली, तर बोटं एकमेकांना चिकटली आणि तुमच्या लेकीने ती चमचाभर तेल चोळून सोडवली. आता जमतं. मेण किती तापलंय हे तिला नुसतं बघून कळतं. ब्रश इतका सारखा फिरवते की कुठे थेंब जमत नाही. मी चादर धुते, इस्त्री करते, निळ्या पेन्सिलीने खुणा करते. ती नागमोडी कात्रीने कापते, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत.

हा कपड्यांच्या खोलीतला नियम. एकीने खूण करायची, दुसरीने कापायचं. खूण करणारीने कात्री धरायची नाही. एकीची चूक दुसरीच्या नजरेला पडावी म्हणून. तीस वर्षांत माझ्या हातून एक चादर वाया गेली नाही.

तीन मापं करतो. लहान, कापलेल्या लिंबाला. मधलं, वाटीच्या तोंडाला. आणि मोठं, पावाला.

तुम्हाला एक सांगते, तिला कळू देऊ नका. आम्ही दोघी मिळून दिवसाला चार तुकडे पाव खातो, त्याला मधलं माप पुरतं. मोठं माप मुलाच्या डब्याचं. तो अर्धा पाव एका वेळी न्यायचा. पहिल्या रविवारी माझ्या हाताने सवयीने ते माप आखलं. आखून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तिने खूण पाहिली आणि कापलं. काही बोलली नाही. म्हणजे तिला ते हवं आहे. म्हणून मी दर रविवारी एक मोठं आखते. तिला तेवढंच बरं वाटत असेल तर माझं काय जातं.

तुम्ही विचारलंत ती बोलते का. कापडाबद्दल बोलतो आम्ही. बाकी दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो ना, तसं आहे. आपलाच असतो, पण कळत नाही.

तुमची विहीण

११ डिसेंबर

विहीणबाई, नमस्कार.

तुम्ही पत्रात तीन मापं लिहिलीत, नियम लिहिलात, पण मनगट भाजलं ते लिहिलं नाहीत. ते मला बारकीकडून कळलं. तापलेलं मेण हातावर सांडलं आणि तुम्ही ते पांढरं होईपर्यंत बघत बसलात, असं ती म्हणाली. तिने ओढून हात नळाखाली धरला तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, राहू दे, कापड वाळतंय." ती हे सांगतानाही रडली नाही. बातमी वाचावी तसं सांगितलं. मला तर तुमच्या हाताइतकीच तिच्या आवाजाची काळजी वाटली.

हाताला तूप लावा, मध लावा, काही तरी लावा. मध मी पाठवतेच आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून शब्द जपून वापरतेय. आमच्या इथे दातांची नवीन लॅब निघाली आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होईल. तिथल्या मालकीणबाई बारकीचं काम ओळखून आहेत. त्यांनी तिच्यासाठी जागा राखून ठेवलीय, पण जानेवारी संपेपर्यंतच. मी बारकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बघू." तिचं बघू म्हणजे नाही, हे ती चालायला लागल्यापासून मला ठाऊक आहे.

ती तिथे खुर्चीत बसून बसून वाळतेय, विहीणबाई. अठ्ठावीस वर्षांची आहे. मला माझी लेक परत हवी म्हणून नाही म्हणत. खोटं कशाला बोलू, त्यासाठीही म्हणते. पण जास्त म्हणजे, तिच्या हाताला काम हवंय. रविवारपुरतं नाही. हा विषय तुमच्या तोंडून निघाला तर ती ऐकेल. माझं ऐकायचं तिने वयाच्या बाराव्या वर्षी सोडलं.

तुमची पेट्यांवरची विहीण

६ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कारण काही नाही.

मध मिळाला. मनगट बरं आहे. दुखलं नव्हतं, म्हणून लिहिलं नव्हतं.

मी तिला विचारलं. "तुझी आई म्हणते तिकडे काम आहे." ती म्हणाली, "नको, मी इथेच ठीक आहे." मी म्हटलं, "बरं." मग आम्ही भांडी घासली.

तुम्हाला वाटत असेल मी तिला धरून ठेवलंय. तसं नाही. दाराला कडी आतून आहे. तिला जायचं असतं तर ती गेली असती. तुमच्याकडून बोलावणंही पाच महिने आलं नव्हतं, तेव्हा मला वाटलं तुमच्या घरी जागेची अडचण असेल. आता म्हणता तर ठीक. पण तिने नको म्हटलंय आणि मी तिला घराबाहेर ढकलणार नाही.

मोठी कापडं आता सात झाली. वापरायला काढत नाही, खणात ठेवतो. एकावर एक ठेवली की चिकटतात, म्हणून ती मध्ये कागद घालते. कागदही त्याच मापाचा कापते.

तुमची विहीण

१५ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार लिहायचा राहिला, मुद्दाम. मी चिडले आहे.

जागेची अडचण? तेराव्या दिवशी मी तिला न्यायला आले होते. तुम्ही आतल्या खोलीत होतात. ती दारात उभी राहून मला म्हणाली, "आई, मी आले तर त्या संपतील." मी बॅग न उचलता परत फिरले आणि अख्खा रस्ता तुमच्या व्याह्यांशी भांडले, जणू त्यांचाच दोष. त्यानंतर बोलावणं कुठल्या तोंडाने करायचं होतं मी?

आता ऐका. हे तिने मला शपथ घालून सांगितलंय आणि मी ती मोडतेय. तुमची सून दर रविवारी ते मोठं कापड का कापते, माहीत आहे? कारण तुम्ही आखता म्हणून. मला म्हणाली, "पहिल्या दिवशी त्यांनी खूण केली. मला ते कापायचं नव्हतं. पण नाही कापलं तर त्यांना वाटेल मी त्याला विसरले. त्यांना तेवढंच बरं वाटत असेल तर माझं काय जातं." तुमचेच शब्द. मी पत्र काढून ताडून बघितलं.

एकीची चूक दुसरीच्या नजरेला पडावी म्हणून तुमचा नियम ना? इथे एक आखतेय दुसरीसाठी, दुसरी कापतेय पहिलीसाठी, आणि ज्याच्यासाठी ते माप आहे तो नाही. कोणालाच नको असलेली सात कापडं झाली, आणि मध्ये कागद.

तिने नको म्हटलं तेही असंच आहे. ती तुमच्यासाठी थांबलीय. तुम्हाला वाटतंय तिला थांबायचंय. तुम्ही गप्प, ती गप्प, आणि मी इथे दोन्हीकडचं ऐकून वेडी व्हायची बाकी आहे. जावई मला मुलासारखा होता. तो असता तर त्याने तुम्हा दोघींना समोर बसवून चांगलं झापलं असतं.

जास्त बोलले असेन. खोडत नाही. जानेवारी संपायला सोळा दिवस आहेत.

पेट्यांवरची

२७ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. राग आला नाही. यायला हवा होता.

रविवारी मी लहान चार आखली, मधली तीन आखली आणि पेन्सिल खाली ठेवली. ती कात्री घेऊन उभी होती.

"झालं?" म्हणाली.

"झालं."

"मोठं?"

"नको."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे. मग आखलेली सातही कापडं नीट कापली. मी मेण वितळवलं. मला वाटलं होतं आता काही तरी होईल. मी तयारीत होते. काहीच झालं नाही. संध्याकाळी आम्ही वाळलेली कापडं उतरवली आणि घड्या घातल्या.

पण जेवताना मी बोलले. म्हटलं, "तुझ्या आईकडची जागा घे." ती म्हणाली, "मी इथे तुमच्यासाठी नाही थांबलेय." मी म्हटलं, "मलाही तू गेल्याने काही फरक पडणार नाही." दोघी खोटं बोलत होतो, आणि दोघींना ते कळत होतं. पण त्यामुळे निदान एक वाक्य पुढे सरकलं. तिने ताट बाजूला सारलं, मालकीणबाईंना हो म्हणून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या.

बारा फेब्रुवारीच्या दुपारी एकच्या बसचं तिकीट काढलंय. तिच्या बॅगेत दहा लहान आणि सहा मधली कापडं देते आहे. मोठी इथेच राहू देत.

मला कसं वाटतंय असं तुम्ही विचाराल. ती जाणार आहे हे मला माहीत आहे, एवढंच सांगता येईल. वाटणं अजून आलेलं नाही.

तुमची विहीण

४ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार. या वेळी दोनदा.

मागच्या पत्राची मला लाज वाटते. तुम्हाला बोलले ते खरं होतं, पण ज्या तोऱ्यात बोलले ते बरोबर नव्हतं. तुमचा मुलगा गेला आणि मी माझ्या लेकीचा हिशेब करत बसले. तुमच्या व्याह्यांनी पत्र टाकायच्या आधी वाचलं होतं. म्हणाले, "एवढं लिहू नकोस." मी ऐकलं नाही. आता रोज त्यांचं तोंड बघावं लागतंय.

बारा तारखेला संध्याकाळी पाचला मी स्टँडवर असेन. खोली तयार आहे. तिची लहानपणी अभ्यासाला बसायची खुर्ची मी माळ्यावरून काढली होती, व्याह्यांनी परत माळ्यावर टाकली. म्हणाले, ती परत लहान होऊन येत नाहीये. बरोबर आहे त्यांचं.

तुम्हीही या. आत्ताच असं नाही, पण या. इथे तुम्हाला कोणी फोन उचलायला सांगणार नाही.

एक विचारते. ती आली की मी तिच्याशी काय बोलू? मला बडबड येते, बाकी काही येत नाही. सात महिने तुम्ही तिच्यासोबत आहात. तुम्हालाच माहीत.

तुमची पेट्यांवरची विहीण

१३ फेब्रुवारी, सकाळ

विहीणबाई, नमस्कार.

हे पत्र टपालाने नाही, तुमच्या लेकीच्या हातून येतंय. काल तुम्ही स्टँडवर उभ्या राहिलात आणि ती उतरली नाही. तिने फोनवर फक्त "उद्या येते" म्हटलं आणि ठेवून दिला. ते मीच सांगितलं होतं. म्हटलं, बाकीचं मी लिहिते. काल अख्खी रात्र तुम्ही मला मनातल्या मनात काय काय म्हणाला असाल, ते सगळं मला मान्य आहे. मी तिला अडवलं नाही. जे झालं ते असं.

बॅग दारात होती. स्टँडवर नेणारी गाडी खाली येऊन उभी होती. ती बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "मी गेल्यावर तुम्ही काय कराल?" ती जेवणाचं विचारत होती. म्हणजे दोन वेळ करून खाल ना, गॅस बंद कराल ना, असं. मला म्हणायचं होतं, "पडदे धुवायचे आहेत." तोंडातून निघालं, "रडेन."

तिने नाडी सोडली. वर बघितलं.

मी म्हटलं, "सात महिने तुझ्यासमोर रडले नाही. तू कोलमडशील म्हणून. तू गेलीस की दार लावणार आणि रडणार, असं ठरवलंय मी."

ती म्हणाली, "मी बसमध्ये रडणार होते." पुढे म्हणाली, "खिडकीची सीट त्यासाठीच मागून घेतली."

मग तिथेच, दारात, बॅगेवर, आम्ही दोघी रडलो. ते दिसायला काही चांगलं नव्हतं, विहीणबाई. मला उचकी लागली, तिचं नाक गळत होतं, आणि रुमाल बॅगेच्या तळाशी. खालून गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. शेजारीण डोकावली, दार ओढून घेऊन गेली. बस किती वाजता सुटली असेल कोण जाणे. घड्याळाकडे दोघींपैकी कोणी पाहिलं नाही.

त्याचं नाव या घरात सात महिन्यांत काल पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं. आधी तिने घेतलं. मग मी. मग आम्ही ते इतक्या वेळा घेतलं की तो हाक ऐकून येईल असं वाटलं. तो किती घोरायचा ते तिने सांगितलं. ते मला भिंतीपलीकडून आधीच माहीत होतं. त्याला तिने एकदा लाटणं फेकून मारलं होतं, ते मात्र माहीत नव्हतं. चुकलंच तिचं, पण मला हसू आलं. मनगट भाजलं तेव्हा जे दुखलं नव्हतं ते काल अंगभर दुखत होतं, आणि ते दुखणं माझंच आहे हे कळत होतं.

आज सकाळच्या बसने ती निघते आहे. खाली गाडी बोलावलीय. डोळे सुजलेत दोघींचे, तिचे बघून घाबरू नका. मी ठीक नाही. ती गेल्यावर मला फार जड जाणार आहे, आणि तरीही तिने जायलाच हवं. पुढच्या महिन्यात मी येईन, तुम्ही बोलावलंत म्हणून नुसतं म्हणत नाही, खरंच येईन.

तुम्ही विचारलंत तिच्याशी काय बोलायचं. तुमची नेहमीची बडबडच करा, तिला ती लागते. फक्त ती मध्येच रडायला लागली तर हातातलं काम टाका आणि जवळ बसा. पाणी आणायला उठू नका. पुरे म्हणू नका. आम्ही दोघींनी सात महिने एकमेकींना असंच गप्प ठेवलं, आणि त्याला सांभाळणं म्हणत होतो.

तुमची विहीण